पाच पॉइंट तीन

दुर्पता कुमरे दोन कोस सायकल हाणत आली,
आरोग्य केंद्राच्या भिंतीला ती टेकवली
आणि थेट माझ्या टेबलाशी.
"बाबू, तुह्या ह्या कागदावर पोरगी अडीच किलोची हाये,
अन् तुह्याच त्या कागदावर कमी वजनाची.
मी तिच्या मायले काय सांगू?"

दोन्ही कागद शेजारी ठेवले.
ओळ एकशे सदतीस, मोहटोला, मुलगी,
वजन २.५.
आणि अडीचच्या खालच्यांच्या यादीत
तीच ओळ, तीच मुलगी.

खोटा एकही कागद नव्हता.
आत, आकडा जिथं राहतो, तिथं होतं २.४६०,
दुर्पतानंच काट्याची झोळी हलायची थांबेपर्यंत
श्वास धरून लिहिलेलं.
यादी काढणारी आज्ञा आत जाऊन बघते.
छापणारी दारातूनच बघते,
आणि दारावर मी, मागच्या मार्चात,
रकाने देखणे दिसावेत म्हणून
दशांशाला एकच घर ठेवलं होतं.

एका छपाईपुरता असता तो फॉर्मॅट
तर छपाईबरोबर विरला असता.
मी तो फाइलीच्या कपाळावरच लिहिला. कायमचा.
मग फाइल जिथं जिथं गेली, चंद्रपूरला, पुण्याला,
तिथं आमची पोरं
गोल, नीटनेटकी होऊन गेली.

"म्हंजे पायलीनं मोजलेलं कुडवानं सांगतलं?"
"तसंच. धान तेवढंच."
"मंग वरचे चाळीस ग्रॅम कोनं घातले?"

मी.

तारखांचंही असंच असतं,
पण ते तिला सांगत बसलो नाही.
यंत्राला तारीख कळत नाही,
ते साठ सालच्या एक जानेवारीपासून नुसते दिवस मोजतं.
मी त्याच्या लेखी दहा हजार चारशे नऊ.
वर तारखेचं रूप चढवलं
की एक जुलै अठ्ठ्याऐंशी.
आई म्हणते, अंगणात मोहफुलं वाळत होती तेव्हा.
मोहफुलं काही जुलैत वाळत नाहीत.
बोरकर गुरुजींनी शाळेत घालताना
एकतीस जणांना एकच एक जुलै वाटून टाकला.
ती दारावरची पाटी नव्हती,
त्यांनी आतला आकडाच लिहिला.
त्याच्याखाली आता काही सापडत नाही,
कुठल्याही आज्ञेनं.

दुर्पता उभीच.
इन्व्हर्टर कुरकुरतोय, लाइन दहापासून गेलेली.
मी मूळ फाइल उघडली,
आकड्यांना हात लावला नाही,
कपाळावरची ओळ तेवढी बदलली :
वजन, पाच पॉइंट तीन.
पाच घरं सगळी मिळून,
एक टिंबाचं, तीन टिंबामागं.

चारशे बारा पोरं पुन्हा ओबडधोबड झाली.
२.४६०
३.०८०
१.९२०
आणि एकशे चाळीसाव्या ओळीत
नुसतंच टिंब.

"हे काय व्हय?"
"वजन नाही तिथं."
ती गप्प झाली. मग म्हणाली,
"झोळी सोडाच्या आधीच गेलं ते.
माहा मीच गेलती."
मी घरं मोजत राहिलो.
एक ठेवा की तीन ठेवा,
टिंबाला कुठलंच रूप चढत नाही.

नवा कागद निघाला तो गरम होता.
तिनं एकशे सदतीसखाली नखानं रेघ ओढली.
"आता बदलनार नाही ना?"
"कायमचं आहे."
"तवाही कायमचंच व्हतं ना बाप्पा?"

उत्तर शोधेपर्यंत
तिनं कागद चौघडी करून ब्लाउजात खोचला,
वहीत तोच आकडा स्वतःच्या हातानं पुन्हा लिहिला,
शेवटच्या शून्यासकट,
आणि मोहटोल्याच्या वाटेला लागली.
चाकात हवा कमी होती.